नवजात बाळाची घरगुती काळजी

नवजात बाळाची घरगुती काळजी म्हणजे जन्मापासून पहिल्या २८ दिवसांत बाळाला घरी द्यावयाचे पोषण, ऊब, स्वच्छता आणि त्याच्या प्रकृतीवर ठेवावयाची देखरेख होय. या २८ दिवसांच्या कालावधीस वैद्यकशास्त्रात 'नवजात काळ' असे म्हणतात. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंपैकी फार मोठा वाटा याच काळातील असतो आणि नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्याच आठवड्यात होतात. रुग्णालयातील प्रसूतीनंतर आई आणि बाळ साधारणपणे दोन-तीन दिवसांत घरी येतात. त्यामुळे धोक्याचा बराचसा काळ घरातच जातो. वेळेपूर्वी जन्मलेली, कमी वजनाची आणि जुळी बाळे यांच्या बाबतीत ही काळजी अधिक काटेकोरपणे घ्यावी लागते.

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० सालच्या अहवालानुसार भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २०, तर महाराष्ट्रात ११ बाळे नवजात काळात दगावली.

== इतिहास ==

घरी घेतलेल्या काळजीमुळे नवजात मृत्यू किती कमी होऊ शकतात, याचा सर्वांत ठळक पुरावा महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यातून पुढे आला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांमध्ये एक क्षेत्रीय प्रयोग केला. तुलनेसाठी ४७ गावे निवडण्यात आली होती. त्या वेळी या भागातील बहुतेक बाळंतपणे घरीच होत आणि आजारी बाळाला रुग्णालयात नेणे हे अंतर, खर्च व रूढी या तिन्ही कारणांनी दुर्मीळ होते. गावातीलच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. प्रसूतीच्या वेळी हजर राहणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, वजन करणे, ऊब टिकवणे, स्तनपानास मदत करणे आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून प्रतिजैविके देणे ही कामे त्या करीत. प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ पर्यंत उतरला. हे निष्कर्ष १९९९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रीने बाळाला इंजेक्शन द्यावे की नाही, यावर तेव्हा बराच वाद झाला. प्रयोगातील सर्वांत लक्षवेधी भाग इंजेक्शनाचा असला, तरी आरोग्यदूतांचे रोजचे काम साधेच होते: ठरलेल्या दिवशी घरी जाणे, बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे आणि आईशी बोलणे. २०११ साली भारत सरकारने याच धर्तीवर देशभर घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली आणि ती आशा कार्यकर्तींकडे सोपवली. इंजेक्शन देण्याचे काम मात्र आशांकडे देण्यात आलेले नाही.

== प्रसूतीपूर्वीची तयारी ==

गरोदरपणाच्या आठव्या महिन्यापर्यंत प्रसूती कोठे करावयाची, रात्री-अपरात्री वाहन कोणते मिळेल, सोबत कोण जाईल आणि गरज पडल्यास रक्त कोण देईल, हे ठरलेले असावे. जुळ्यांचे निदान झाले असल्यास ही तयारी सातव्या महिन्यातच करणे योग्य, कारण जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मतात. जुळ्यांची प्रसूती शस्त्रक्रियेची सोय आणि नवजात बाळांचा विशेष काळजी कक्ष असलेल्या रुग्णालयातच व्हावी.

बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी काही विकत घेऊ नये, असा संकेत अनेक मराठी घरांत पाळला जातो. तयारीच्या दृष्टीने त्याने फारसे अडत नाही. वापरून मऊ झालेल्या सुती साड्या आणि धोतरे धुऊन, कडक उन्हात वाळवून त्यांची दुपटी व लंगोट करण्याची जुनी पद्धत नव्या कपड्यांपेक्षा सरसच आहे. नव्या कापडातील खळ बाळाच्या त्वचेला टोचते. आठवडाभरानंतर निरोगी बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करते. त्यामुळे एका बाळासाठी किमान दोन डझन लंगोट लागतात. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून तेव्हा ते आणखी जास्त हवेत. याखेरीज झबली, टोपडी, पायमोजे, एक-दोन जाड दुपटी किंवा कुंची, डिजिटल थर्मामीटर, झाकणाचे स्टीलचे भांडे आणि वाटी-चमचा एवढे साहित्य पुरते. घरात हात धुण्यासाठी साबण व पाणी बाळंतिणीच्या खोलीजवळच ठेवावे. सामानाच्या यादीत साबण सहसा नसतोच, पण जंतुदोष रोखण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे.

== ऊब ==

नवजात बाळाचे शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस असावे लागते. बाळाच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त आणि त्वचेखालील चरबी कमी असल्याने ते मोठ्या माणसापेक्षा फार लवकर गार पडते. गार पडलेले बाळ दूध ओढत नाही आणि दूध न मिळाल्याने आणखी गार पडते. या चक्रात कमी वजनाचे बाळ काही तासांतच अत्यवस्थ होऊ शकते.

थर्मामीटर नसल्यास हाताच्या स्पर्शाने अंदाज घेता येतो. बाळाचे पोट आणि तळपाय दोन्ही कोमट असल्यास तापमान ठीक समजावे. पोट कोमट पण तळपाय गार असल्यास बाळाला थंडी वाजते आहे, असे समजून लगेच उघड्या छातीशी धरावे. पोट आणि तळपाय दोन्ही गार असणे ही धोक्याची खूण आहे.

खोलीचे तापमान २५ ते २८ अंश असावे आणि वाऱ्याचा झोत बाळावर येऊ नये. जन्मानंतर निदान २४ तास बाळाला आंघोळ घालू नये. कमी वजनाच्या बाळाला तर ते चांगले वाढू लागेपर्यंत केवळ कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून घेणे पुरेसे असते. बाजेखाली किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याची प्रथा धोकादायक आहे. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू आई आणि बाळ या दोघांनाही घातक ठरतो. उलट, विदर्भातील एप्रिल-मे महिन्यांत कुंची, मोजे आणि गोधडी यांत गुंडाळलेल्या बाळाला केवळ उष्म्यानेच ताप चढतो. अशा वेळी कपडे कमी करून, दूध पाजून अर्ध्या-पाऊण तासाने तापमान पुन्हा पाहावे. ते न उतरल्यास डॉक्टरांकडे न्यावे.

=== कांगारू मातृसेवा ===

बाळाला केवळ लंगोट आणि टोपडे घालून आईच्या उघड्या छातीवर उभे धरून ठेवणे, या पद्धतीस कांगारू मातृसेवा म्हणतात. कोलंबियातील बोगोटा येथील रुग्णालयात उबदार पेट्यांची टंचाई असताना डॉ. एडगार रे सानाब्रिया यांनी १९७८ साली ती सुरू केली. जागतिक आरोग्य संघटना वेळेपूर्वी अथवा कमी वजनाने जन्मलेल्या बाळांसाठी रोज ८ ते २४ तास, म्हणजे शक्य तितका अधिक वेळ, या पद्धतीची शिफारस करते. ओढणी, साडी किंवा धोतराच्या कापडाने बाळ बांधून घेता येते. बाळाचे डोके एका बाजूस वळलेले आणि नाक मोकळे असावे. वडील, आजी किंवा मावशी यांनीही हे काम करावे. बाळंतिणीला झोप मिळण्याचा हाच एक खात्रीचा मार्ग असतो.

== स्तनपान ==

जन्मानंतर पहिल्या तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. त्याचे प्रमाण चमच्यांत मोजण्याइतके अल्प असते, परंतु नवजात बाळाचे जठरही तेवढेच लहान असते. चीक पिळून टाकणे किंवा दूध उतरेपर्यंत साखरपाणी, मध किंवा गाईचे दूध देणे हे बाळाचे नुकसान करणारे आहे. मधातून क्वचित, पण जीवघेणी विषबाधा होऊ शकते. म्हणून तो वर्षभर देऊ नये. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही, उन्हाळ्यात पाणीसुद्धा, देण्याची आवश्यकता नसते.

बाळ दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पिते. पिताना त्याचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. केवळ बोंडशी चोखत राहिल्यास बोंडशीला चिरा पडतात आणि बाळाचे पोटही भरत नाही. दूध पुरत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा पकड चुकल्यामुळे उद्भवते. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत घटते आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मवजनावर परत येते. त्यानंतर रोज २० ते ३० ग्रॅम वाढ होत असेल आणि लघवी सहा वेळा होत असेल, तर दूध पुरेसे आहे. रडणे हा दूध कमी पडत असल्याचा भरवशाचा पुरावा नव्हे.

अंगावर ओढता न येणाऱ्या बाळाला काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजतात. पूर्वी घरोघरी असणारे बोंडले याच कामाचे होते. दक्षिण भारतात रुग्णालयांतूनही वापरले जाणारे पलाडाई हे भांडे त्याच जातीचे आहे. चोच घासून उकळलेले असल्यास बोंडले वापरण्यास हरकत नाही. टाळावयाची ती बाटली, कारण तिचे बूच व निपल घरी निर्जंतुक ठेवणे कठीण असते. भारतात १९९२ च्या कायद्यान्वये शिशुदुग्धपर्याय आणि दूध पाजण्याच्या बाटल्या यांची जाहिरात करण्यास बंदी आहे.

== नाळ, त्वचा आणि परंपरागत उपचार ==

नाळेवर काहीही न लावता ती कोरडी ठेवावी, लंगोट तिच्या खाली बांधावा. ती साधारण एक ते दोन आठवड्यांत आपोआप गळून पडते. हळद, तूप, राख किंवा शेण लावल्यास जंतुदोष आणि धनुर्वात होऊ शकतो.

बाळंतपणाच्या मराठी परंपरेत उपयुक्त आणि अपायकारक प्रथा शेजारी-शेजारी नांदतात, म्हणून तिचा सरसकट गौरव किंवा सरसकट निषेध दोन्ही गैरलागू ठरतात. बाळंतिणीला सव्वा महिना वेगळ्या, उबदार खोलीत ठेवणे, माहेरी विश्रांती देणे आणि सोयर पाळून पाहुण्यांची वर्दळ कमी ठेवणे यांमुळे बाळाचे संसर्गापासून रक्षण होते. हलक्या हाताची तेलमालिश लाभदायक आहे. मात्र पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळालाच ती जोमदारपणे सोसते. नाका-कानांत तेल सोडणे टाळावे; नाकातले तेल फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. टाळू तेलाने दाबून भरण्याची गरज नसते, ती दीड वर्षाच्या सुमारास स्वतःच भरते. वेखंड-ओव्याची धुरी श्वसनमार्गास त्रासदायक असते. सहाणेवर उगाळलेल्या बाळगुटीत जायफळासारखी गुंगी आणणारी द्रव्ये असतात आणि गुंगलेले बाळ कमी पिते. काजळात शिसे असू शकते. डोके गोल व्हावे म्हणून ठेवलेली मोहरीची उशी काढून बाळाला उताणे, सपाट गादीवर झोपवावे.

काही गोष्टी पालकांना घाबरवतात, पण त्या स्वाभाविक असतात. आईच्या संप्रेरकांमुळे मुलगा-मुलगी दोघांच्याही छातीला सूज येते. ती दाबून 'दूध काढण्याने' गळू होते. मुलीच्या योनिमार्गातून पहिल्या आठवड्यात थोडे रक्त जाणे, पाठीवर निळसर चट्टे असणे आणि वारंवार शिंका येणे यांना उपचार लागत नाहीत. पोट फुगल्यावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याचे प्रकार मेळघाटसारख्या भागांतून अजूनही उघडकीस येतात. त्यांत मूळ आजार तसाच राहतो आणि जखमेतून जंतुदोषाची भर पडते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागणारी सौम्य कावीळ बहुधा एक-दोन आठवड्यांत मावळते. पहिल्या २४ तासांत दिसलेली किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ मेंदूस इजा करू शकते. तिच्यावर रुग्णालयातील प्रकाशोपचार हाच इलाज आहे. कोवळ्या उन्हात धरल्याने ती बरी होते, या समजुतीत मोलाचा वेळ जातो.

== जुळी बाळे ==

२,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळास कमी वजनाचे बाळ म्हणतात. जुळ्यांपैकी बहुतांश बाळे या गटात मोडतात आणि अनेकदा दोघांच्या वजनांत लक्षणीय तफावत असते. घरी येताना 'जुळे' ही एकच गोष्ट समजली जाते, पण काळजीच्या दृष्टीने ती दोन वेगळी बाळे असतात. लहान बाळ कमी रडते, पिताना लवकर थकते व झोपी जाते. त्यामुळे ते 'शांत' म्हणून वाखाणले जाते आणि रडणाऱ्या भावंडाला दूध आधी मिळते. धोका नेमका येथे असतो. लहान बाळ मागेल तेव्हा नव्हे, तर दर दोन-तीन तासांनी जागे करून पाजावे लागते.

दोन बाळांना मिळून दिवसाला १६ ते २४ वेळा पाजावे लागते. स्तनांतील दूधनिर्मिती मागणीनुसार वाढते. त्यामुळे पुष्कळ माता दोन्ही बाळांना पूर्णपणे अंगावर पाजू शकतात. आरंभी एकेका बाळाला वेगळे पाजून प्रत्येकाची पकड पक्की करावी. नंतर दोघांना एकदम घेता येते. त्यासाठी आईच्या दोन्ही बाजूंना उशा ठेवून, बाळांचे पाय मागच्या दिशेस काखेखाली जातील असे धरतात. कोणत्या बाळाला कोणता स्तन, हे रोज किंवा दर पाजणीला आलटून-पालटून बदलावे. एक बाळ जोरकस ओढणारे असल्यास त्याच्या ओढीने उतरलेला पान्हा दुसऱ्याला आयता मिळतो. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांना ओढणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ बसत नाही. त्यांना काढलेले दूध द्यावे लागते. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातील असे दूध साध्या तापमानास सुमारे चार तास टिकते, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी. आईचे दूध अपुरे असल्यास रुग्णालयात दात्या मातांचे दूध मिळू शकते. आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली सुरू झाली.

रात्रीच्या जागरणात कोणाला पाजले, हे लक्षात राहत नाही. औषधांच्या बाबतीत तर एकालाच दोनदा आणि दुसऱ्याला एकदाही नाही, अशी चूक होते. म्हणून भिंतीवर दोन रकान्यांचा कागद लावून प्रत्येकाचे दूध, लघवी, शी आणि औषध लिहावे. एकसारख्या दिसणाऱ्या बाळांच्या पायात वेगळ्या रंगाचा सैल दोरा बांधावा किंवा एकाच्या पायाच्या नखाला रंग लावावा. वजने आठवड्यातून एकदा शेजारी-शेजारी लिहावीत. एक मुलगा आणि एक मुलगी असल्यास ही नोंद विशेष महत्त्वाची ठरते. कोणीही मुद्दाम न केलेले दुर्लक्षही त्या दोन आकड्यांत उघडे पडते.

कांगारू पद्धतीने दोन्ही बाळांना एकाच वेळी छातीवर घेता येते, किंवा एक आईकडे व एक वडिलांकडे ठेवता येते. झोपवताना दोघांची अंथरुणे एकाच खोलीत, परंतु वेगळी असावीत. एका बाळास सर्दी किंवा जुलाब झाल्यास दुसऱ्याला हात लावण्यापूर्वी हात धुणे अपरिहार्य आहे.

== बाळंतीण ==

स्तनपान देणाऱ्या मातेला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० किलोकॅलरी जादा आहार लागतो. जुळ्यांच्या मातेला त्याहून अधिक. अळीव व डिंकाचे लाडू, खारीक-खोबरे, मेथी हे पदार्थ चांगले, पण भाजी, डाळ, फळे आणि पाणी तोडणारी पथ्ये तिला अशक्त करतात. जुळ्यांच्या प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव आणि रक्तक्षय यांचे प्रमाण अधिक असते. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्याव्यात. पहिल्या आठवड्यातले हळवेपण स्वाभाविक आहे, परंतु दोन आठवड्यांनंतरही उदासी, निद्रानाश किंवा बाळाविषयी परकेपणा टिकल्यास तो आजार समजून उपचार घ्यावेत. त्याला हट्ट किंवा आळस ठरवणे अन्यायाचे आहे.

== भेटी आणि धोक्याची लक्षणे ==

रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट देते. घरी जन्म झाल्यास पहिल्या दिवसाची भेट त्यात वाढते. ती वजन व तापमान घेते, श्वास मोजते आणि बीसीजी, पोलिओचा शून्य डोस व कावीळ-ब या जन्मतः द्यावयाच्या लसी मिळाल्या आहेत का, हे पडताळते. जुळी असल्यास प्रत्येक बाळाची तपासणी व नोंद स्वतंत्र व्हावी, असा आग्रह कुटुंबाने धरावा.

बाळाने दूध ओढणे थांबवणे किंवा एकदम कमी करणे, हातपाय लुळे पडणे, रडणे क्षीण होणे, झटके येणे, शांत असताना मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, ३७.५ अंशांपेक्षा जास्त किंवा ३५.५ पेक्षा कमी तापमान, नाळेभोवती लाली वा पू, पोट फुगून हिरवी उलटी होणे आणि तळपायांपर्यंतची कावीळ, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास बाळाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. नवजात बाळाच्या जंतुदोषात ताप नसणे हे दिलाशाचे लक्षण नव्हे. पुष्कळ बाळे तापण्याऐवजी गार पडतात. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत, कारण या वयात लय अनियमित असते.

नेताना बाळ छातीशी त्वचेला त्वचा लावून धरावे आणि ओढत असल्यास वाटेत पाजत राहावे. महाराष्ट्रात १०८ व १०२ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मिळते. २०११ पासून लागू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात आजारी अर्भकाचे उपचार, औषधे आणि वाहतूक विनामूल्य आहे. जुळ्यांपैकी एक आजारी पडल्यास दुसऱ्यालाही सोबत न्यावे: त्याला आईचे दूध मिळत राहते आणि तोच जंतुदोष त्यालाही झाला आहे का, हे तपासता येते.